बाटलीवर ‘कॅटॅलेज’ लिहिलंय, म्हणून बँड कॅटॅलेजचा होत नाही

खरचटलेल्या गुडघ्यावर कंपाउंडर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतायचा आणि पांढरा फेस फसफसून वर यायचा, हे बहुतेकांनी लहानपणी पाहिलंय. तो फेस म्हणजे ऑक्सिजनचे बुडबुडे, आणि ते सोडवणारं एन्झाइम म्हणजे कॅटॅलेज. तांबड्या पेशींत आणि यकृतात ते भरपूर असतं. जपानमधल्या ओकायामाचे कान-नाक-घसा तज्ज्ञ शिगेओ ताकाहारा यांनी एका मुलीच्या तोंडातल्या जखमेवर पेरॉक्साइड ओतलं, तेव्हा फेस आलाच नाही, उलट रक्त काळं पडलं. तिच्या रक्तात कॅटॅलेजच नव्हतं. या विकाराबद्दलचा त्यांचा लेख १९५२ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला.

फेसावरून एन्झाइम काम करतंय की नाही ते कळतं. ते कुठल्या पेशीत किती आहे, पेशीत नेमकं कुठे बसलंय, औषध दिल्यावर वाढलं की घटलं, हे पाहायचं तर अँटिबॉडी लागते, म्हणजे त्या एन्झाइमला हेरून चिकटणारं प्रथिन. एमएस्सीच्या प्रोजेक्टला आलेल्या मुलामुलींच्या हातात पहिल्या महिन्यातच अशी इवलीशी बाटली येते: रॅबिट पॉलिक्लोनल, अँटी-ह्यूमन कॅटॅलेज, १०० मायक्रोलिटर. सोबत किमतीचा आकडा सांगून सीनियर घाबरवून ठेवतो, ते वेगळंच. हा लेख त्यांच्यासाठी. उदाहरण कॅटॅलेजचं घेतलंय, पण एन्झाइम दुसरं असलं तरी रीत हीच.

बाटलीत असतं काय

पुण्याजवळ पिंपरीला हाफकिनचे घोडे आहेत, हे अनेकांना माहीत असतं. घोड्याला सापाचं विष थोडं थोडं टोचतात, त्याचं शरीर विषाविरुद्ध अँटिबॉडी बनवतं, आणि त्या रक्तातून सर्पदंशावरचं प्रतिविष तयार होतं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं अशा चौघांवर एकच बाटली चालते, कारण तिच्यात एक अँटिबॉडी नसून अनेकींची गर्दी असते. आपली बाटली याच जातीची. फरक इतकाच की घोड्याच्या जागी ससा आणि विषाच्या जागी माणसाचं कॅटॅलेज किंवा त्याचा एखादा तुकडा.

सशाच्या वेगवेगळ्या बी-पेशी त्या प्रथिनाचे वेगवेगळे भाग ओळखतात. कुणी शेपटी धरतं, कुणी पोट. म्हणून नाव पॉलिक्लोनल. १९७५ मध्ये कोहलर आणि मिलस्टाइन यांनी मोनोक्लोनलची युक्ती काढली, तिच्यात सगळ्या अँटिबॉडी एकाच साच्यातल्या असतात. पॉलिक्लोनलचा फायदा असा की प्रथिन उकळून, उलगडून त्याचा आकार बिघडला तरी कुणीतरी कुठेतरी धरतंच, त्यामुळे सिग्नल सहसा दणकट मिळतो. तोटाही त्यातूनच येतो. गर्दीत चार उपरे असतात, ते भलत्याच प्रथिनाला जाऊन चिकटतात. शिवाय सशाचं रक्त संपलं की तो लॉट संपला. पुढचा लॉट दुसऱ्या सशाचा.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. कॅटॅलेज हे उत्क्रांतीत फारसं न बदललेलं प्रथिन आहे. सशाचं स्वतःचं कॅटॅलेज माणसाच्या कॅटॅलेजसारखंच दिसतं, आणि स्वतःच्या वस्तूवर शरीर सहसा हल्ला करत नाही. त्यामुळे जिथे दोघांत फरक आहे, मुख्यतः तिथेच अँटिबॉडी तयार होतात. तुमच्या अँटिबॉडीला उंदराचं कॅटॅलेज दिसेल का, याचं उत्तर अंदाजाने देऊ नका. कंपनीच्या माहितीपत्रकात, म्हणजे डेटाशीटमध्ये पाहा, आणि तिथे ‘प्रेडिक्टेड’ असा शब्द असेल तर कुणीही करून पाहिलेलं नाही असं समजा.

डेटाशीट आधी, पिपेट नंतर

बाटली फ्रीजमध्ये जाण्याआधी डेटाशीटची प्रिंट वहीत चिकटवा. तीन-चार जागा नीट वाचायच्या. सशाला नेमकं काय टोचलं होतं: अख्खं प्रथिन, बॅक्टेरियात बनवलेला तुकडा, की पंधरा-वीस अमिनो आम्लांचं पेप्टाइड? पेप्टाइड असेल तर ते ५२७ अमिनो आम्लांच्या कॅटॅलेजमध्ये कुठून कुठपर्यंत येतं? शुद्धीकरण कसं केलंय: नुसतं प्रोटीन-ए कॉलमवरून, की त्याच अँटिजेनवर, म्हणजे सशाला टोचलेल्या प्रथिनावर, पकडून? नुसत्या प्रोटीन-एमधून सशाच्या सगळ्याच आयजीजी (रक्तातल्या अँटिबॉडी) येतात, त्यात त्याने आयुष्यात भोगलेल्या प्रत्येक जंतूच्या अँटिबॉडी असतात. अँटिजेनवर पकडलेली बाटली महाग असते, पण पैसे वसूल होतात.

मग पाहा कंपनीने कशावर तपासलंय. वेस्टर्न ब्लॉटमध्ये पेशींतली प्रथिनं जेलवर वजनानुसार वेगळी करून मेंब्रेनवर उतरवतात, आणि अँटिबॉडी जिथे चिकटते तिथे पट्टी, म्हणजे बँड, दिसतो. वेस्टर्न ब्लॉटला चालणारी अँटिबॉडी मायक्रोस्कोपखाली चालेलच असं नाही, कारण ब्लॉटमध्ये प्रथिन उलगडलेलं असतं आणि पेशीत घडी घातलेलं. आणि ‘फक्त संशोधनासाठी’ ही ओळ शोभेची नसते. या बाटलीच्या जोरावर कुठल्याही रुग्णाच्या रिपोर्टात अक्षरही लिहायचं नाही.

वाटून ठेवणं

बाटली आली की आधी सेंट्रिफ्यूजमध्ये क्षणभर फिरवा, कारण प्रवासात निम्मा माल झाकणाला चिकटलेला असतो. मग १० मायक्रोलिटरच्या छोट्या ट्यूब भरा आणि प्रत्येकीवर नाव, लॉट नंबर, तारीख घाला. ५० टक्के ग्लिसरॉल असेल तर उणे २० अंशांवरही ती गोठत नाही, द्रवच राहते. ग्लिसरॉल नसेल तर प्रत्येक गोठण-वितळणीला थोडी थोडी मरते. आपोआप बर्फ वितळवणाऱ्या फ्रॉस्ट-फ्री फ्रीजरमध्ये ठेवू नका, त्याचं तापमान वरखाली होत राहतं.

नमुना

कॅटॅलेजसाठी हेप-जी-टू ही यकृताच्या कर्करोगाची सेल लाइन उत्तम, तिच्यात ते चांगलंच असतं. पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या एनसीसीएसच्या सेल रिपॉझिटरीतून ती मागवता येते. कुठल्याशा मित्राच्या लॅबमधून ‘हेप-जी-टूच आहेत रे’ म्हणून आलेला फ्लास्क मात्र घेऊ नका.

पेशी थंड पीबीएसने (मिठाच्या बफरने) दोनदा धुवा, बर्फावर ठेवून पेशी फोडणारा रिपा बफर घाला, त्यात प्रोटिएज इनहिबिटर, म्हणजे प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमांना रोखणारं रसायन, आयत्या वेळी मिसळा. पीएमएसएफ हा इनहिबिटर वापरत असाल तर तो पाण्यात पटकन निकामी होतो, त्यामुळे सकाळी घालून दुपारी वापरण्यात अर्थ नाही. अर्धा तास बर्फावर, मग ४ अंशांवर १२,००० जी वेगाने १५ मिनिटं. वरचं स्वच्छ पाणी घ्या, हेच लायसेट. प्रथिन मोजायला बीसीए चाचणी वापरा. रिपामधल्या डिटर्जंटमुळे ब्रॅडफर्ड या दुसऱ्या चाचणीचं रीडिंग फसवं येतं.

जेलच्या प्रत्येक लेनला (रांगेला) २० मायक्रोग्रॅम पुरे. एसडीएस हे डिटर्जंट आणि प्रथिनातले गंधकाचे बंध तोडणारं डीटीटी असलेल्या सॅम्पल बफरमध्ये ९५ अंशांवर ५ मिनिटं उकळा. निसर्गात कॅटॅलेज चौघांच्या जोडणीत असतं, सुमारे २४० किलोडाल्टनचं (किलोडाल्टन म्हणजे प्रथिनाच्या वजनाचं माप). एसडीएस आणि उष्णता मिळून ही चौकडी फोडतात आणि एकेक घटक सुमारे ६० किलोडाल्टनला धावतो. हाच आकडा डोक्यात ठेवा.

जेल, ट्रान्सफर, आणि माझी एक फजिती

१० टक्क्यांचं जेल घाला. वरच्या भागात ८० व्होल्ट, खाली उतरलं की १२०. निळी रेघ तळाला पोचली की थांबा.

आता प्रथिनं जेलमधून मेंब्रेनवर न्यायची. पीव्हीडीएफ मेंब्रेन आधी मिथेनॉलमध्ये बुडवून ओलं करावं लागतं, नाहीतर ते पाणी घेतच नाही. प्रथिनांवर एसडीएसमुळे ऋण भार असतो, म्हणून ती धन इलेक्ट्रोडकडे पळतात. सँडविचमध्ये काळ्या बाजूला जेल, लाल बाजूला मेंब्रेन. मी पहिल्या वर्षी हे उलटं लावलं होतं. दीड तास १०० व्होल्टवर, बर्फाचा डबा घालून, मनापासून ट्रान्सफर केलं. नंतर मेंब्रेनवर पॉन्सो-एस, म्हणजे प्रथिनं दाखवणारा लाल रंग, टाकला तर पांढरं स्वच्छ कापड. तीन आठवडे वाढवलेल्या पेशींची प्रथिनं बफरमध्ये वाहून गेली होती, आणि तो बफर मी नुकताच बेसिनमध्ये ओतला होता.

म्हणून पॉन्सो कधीही टाळू नका. दोन मिनिटांत लाल पट्ट्या उमटतात, ट्रान्सफर झालं की नाही ते दिसतं, हवेचा बुडबुडा राहिला असेल तर तिथे गोल पांढरा डाग दिसतो. मोबाइलवर फोटो काढा, सगळ्या लेन सारख्या भरल्या होत्या याचा तो पुरावाही होतो. मग टीबीएसटीने (थोडं डिटर्जंट घातलेल्या बफरने) धुतलं की रंग निघून जातो. रात्रभराचं ट्रान्सफर ३० व्होल्टवर लावत असाल तर दुसऱ्या दिवशीचा वार पाहा. आमच्याकडे गुरुवारी सकाळी देखभालीसाठी वीज जाते आणि ते नेमकं त्याच दिवशी आठवतं.

अँटिबॉडी लावणं

मेंब्रेनवरच्या रिकाम्या जागा आधी बुजवायच्या, नाहीतर अँटिबॉडी तिथेच चिकटून बसेल. टीबीएसटीमध्ये ५ टक्के स्किम मिल्क पावडर, तासभर हलवत. किराणा दुकानातला चहाचा डेअरी व्हाइटनर आणू नका. त्यात साखर असते, मेंब्रेन चिकट होतं आणि बॅकग्राउंड काळंभोर येतं. बायोटिनवर चालणारी डिटेक्शन पद्धत असेल तर दूधही नको, बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) घ्या. दुधातच बायोटिन असतं.

डायल्यूशन, म्हणजे अँटिबॉडी किती पातळ करायची ते, डेटाशीटवर एकास हजार असेल, ती सुरुवात समजा. नवी बाटली आली की एकाच लायसेटच्या चार पट्ट्या कापून एकास ५००, १०००, २००० आणि ५००० असं करून पाहा. जिथे ६० चा बँड ठळक आणि बाकी पाटी कोरी, ते तुमचं. दहा मिलिलिटरला १० मायक्रोलिटर असा हिशोब केला तर दहा ब्लॉटमध्ये बाटली रिकामी. आमच्याकडे मेंब्रेन पिशवीत घालून कडा सीलरने बंद करतात, मग ३ मिलिलिटरमध्ये भागतं. रात्रभर ४ अंशांवर, सावकाश हलवत.

सकाळी टीबीएसटीने दहा-दहा मिनिटं तीनदा धुवा. मग आपल्या प्राथमिक (सशाच्या) अँटिबॉडीला धरणारी दुय्यम अँटिबॉडी: एचआरपी हे एन्झाइम जोडलेली, बोकडाची अँटी-रॅबिट, एकास ५,००० ते १०,०००, एक तास. पुन्हा तीन धुवण्या. एचआरपीमुळे उजळणारं ईसीएल द्रावण टाकून १० सेकंद, १ मिनिट, ५ मिनिटं असे तीन एक्स्पोजर घ्या.

इथे सोडियम अझाइड या जंतुरोधकाची भानगड. प्राथमिक अँटिबॉडी पुन्हा वापरायची म्हणून बरेचजण तिच्यात ०.०२ टक्के अझाइड घालून ठेवतात. त्यात चूक नाही, पण अझाइड एचआरपीला मारतं. दुय्यमच्या ट्यूबमध्ये चुकून गेलं, किंवा धुण्यात आळस केला, तर ब्लॉट कोरा. आमच्या एका ज्युनियरने आठवडाभर नवीन ईसीएल, नवीन मेंब्रेन, नवीन लायसेट बदलून पाहिले, आणि दोष होता दुय्यमच्या स्टॉकवर कुणीतरी घातलेल्या अझाइडचा. ट्यूबवर लिहा, भल्या माणसांनो.

आणि बँडचा मधला भाग पांढरा, कडा काळ्या असं दिसलं तर अँटिबॉडी मेलेली नसते, फार झालेली असते. एचआरपीने तिथला सगळा सब्स्ट्रेट (ईसीएल) कॅमेरा उघडायच्या आतच संपवलेला असतो. लायसेट कमी करा किंवा डायल्यूशन वाढवा.

लोडिंग कंट्रोल, म्हणजे सगळ्या लेन सारख्या भरल्या हे दाखवणारं दुसरं प्रथिन, निवडतानाही डोकं वापरा. ट्युब्युलिन ५०-५५ ला येतं, कॅटॅलेजच्या अगदी अंगावर. ॲक्टिन ४२ ला येतं, मधे मोकळी जागा राहते. तेही उंदराच्या मोनोक्लोनलने, म्हणजे दोन्ही अँटिबॉडी सशाच्या होऊन गोंधळ व्हायला नको.

६० ला बँड आला, आता खरं काम

बहुतेकजण इथे थांबतात. सर खूश, स्लाइड तयार. पण जेलवर शेजारी धावणारा ठरावीक वजनांचा मार्कर जागा दाखवतो, ओळख पटवत नाही. ६० किलोडाल्टनच्या आसपास पेशीत शेकडो प्रथिनं राहतात आणि सशाच्या गर्दीतल्या एखाद्या उपऱ्याला त्यातलं एखादं आवडू शकतं.

बँड कॅटॅलेजचा आहे हे पटवायचा सगळ्यात सरळ मार्ग म्हणजे कॅटॅलेज काढून टाकायचं आणि बँड जातो का ते पाहायचं. हेप-जी-टूमध्ये कॅटॅलेजचं एसआयआरएनए (जनुकाचा संदेश, म्हणजे एमआरएनए, नष्ट करणारा आरएनएचा तुकडा) घाला, शेजारच्या वेलमध्ये कुठल्याही जनुकाला न लागणारं कंट्रोल एसआयआरएनए. ४८ तासांत संदेश घटतो, पण आधीच बनलेलं प्रथिन लगेच जात नाही, म्हणून ७२ तासांचाही नमुना घ्या. दोन्ही लायसेट एकाच जेलवर शेजारी शेजारी चालवा. ॲक्टिन सारखं, ६० चा बँड फिका: काम झालं. समजा ४५ लाही एक बँड होता आणि तो जसाच्या तसा राहिला, तर तो कॅटॅलेजचा नाही, एवढंही त्याच ब्लॉटवर कळतं. आणि ६० चाच बँड ढिम्म हलला नाही, तर एसआयआरएनएने काम केलं का ते क्यूपीसीआरने (संदेश मोजणाऱ्या चाचणीने) तपासा. केलं असेल तर बाटलीवर संशय घ्या. क्रिस्पर या जनुक कापायच्या तंत्राने जनुक काढलेल्या पेशी मिळाल्या तर सोन्याहून पिवळं, कारण तिथे फिका-गडदचा वाद नाही, बँड असतो किंवा नसतो.

२०१६ साली शास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने ‘नेचर मेथड्स’मध्ये अँटिबॉडी पारखायचे पाच मार्ग मांडले. जनुक काढणं हा एक झाला. प्रथिनाचं प्रमाण अँटिबॉडीविना, जसं मास स्पेक्ट्रोमेट्रीने (रेणूंच्या वजनावरून ओळखणाऱ्या यंत्राने), मोजून ताळा जुळवणं. त्याच प्रथिनाचा वेगळा भाग ओळखणारी दुसरी अँटिबॉडी लावणं. टॅग जोडलेलं प्रथिन पेशीत बनवून दोन्ही सिग्नल पडताळणं. आणि अँटिबॉडीने ओढून काढलेलं प्रथिन मास स्पेक्ट्रोमेट्रीत ओळखणं. प्रोजेक्टच्या सहा महिन्यांत पहिला आणि तिसरा आरामात होतो.

पेप्टाइड ब्लॉकिंगवर मात्र फार विसंबू नका. सशाला टोचलेलं पेप्टाइड अँटिबॉडीत आधी मिसळलं की बँड जातो आणि लोक टाळ्या वाजवतात. त्यातून एवढंच कळतं की अँटिबॉडी पेप्टाइडला धरते. ते तर ठाऊकच होतं. त्याच जागेने ती दुसऱ्या प्रथिनालाही धरत असेल, तर तोही बँड पेप्टाइडने जाईल.

प्राथमिक न घालता फक्त दुय्यम लावलेली एक पट्टी प्रत्येक नव्या मांडणीत ठेवा. त्यावर जे दिसतं त्याचा कॅटॅलेजशी काही संबंध नाही.

इम्युनोप्रेसिपिटेशन, म्हणजे अँटिबॉडीने प्रथिन लायसेटमधून ओढून काढणं, करणाऱ्यांसाठी खास सूचना: त्यात सशाची अँटिबॉडी तुमच्या नमुन्यातच असते, आणि तिची जड साखळी ५० ते ५५ ला येते. दुय्यम अँटी-रॅबिट तिलाही पकडते. कॅटॅलेज सापडलं म्हणून उड्या मारण्याआधी कॅटॅलेज न टोचलेल्या सशाच्या साध्या आयजीजीची लेन पाहा. ब्लॉटला दुसऱ्या प्राण्याची अँटिबॉडी वापरली तर ही कटकट राहत नाही.

मायक्रोस्कोपखाली

मला विचाराल तर या एन्झाइमची खरी मजा इथे आहे. कॅटॅलेज पेरॉक्सिसोम नावाच्या पेशीतल्या इवल्या पिशव्यांमध्ये राहतं, म्हणून पेशीत ते बाजरीचे दाणे विखुरल्यासारखं ठिपक्यांत दिसायला हवं. पेशीभर धूसर हिरवा रंग (इथे दुय्यम अँटिबॉडीवर चमकणारा रंग असतो) पसरला असेल तर आधी स्वतःच्या पद्धतीवर शंका घ्या.

कव्हरस्लिपवरच्या पेशी ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइडमध्ये १५ मिनिटं, मग पेशीच्या पटलांना भोकं पाडणारं ०.२ टक्के ट्रायटन १० मिनिटं. इथे डिजिटोनिन वापरलं तर ते फक्त बाहेरची पटली भेदतं, पेरॉक्सिसोमची नाही. अँटिबॉडी दारातच अडकते आणि कॅटॅलेज दिसत नाही. हीच गोष्ट कंट्रोल म्हणून वापरता येते: ट्रायटनमध्ये ठिपके, डिजिटोनिनमध्ये अंधार, म्हणजे सिग्नल खरोखर आतून येतोय. ब्लॉकिंगला १० टक्के बोकडाचं सीरम, कारण दुय्यम बोकडाची. प्राथमिक एकास १०० पासून सुरू करा. सोबत पीएमपी-७० या पेरॉक्सिसोमच्या पटलीतल्या प्रथिनाची उंदराची अँटिबॉडी लाल रंगात लावली तर दोन्ही रंग एकाच ठिपक्यावर यायला हवेत. झेलवेगर सिंड्रोम या जन्मजात विकाराच्या रुग्णांच्या पेशींत प्रथिनं पेरॉक्सिसोममध्ये शिरूच शकत नाहीत, तिथे कॅटॅलेज पेशीद्रवात पसरलेलं दिसतं. तेव्हा पसरलेला सिग्नल प्रत्येक वेळी चूकच असतो असं नाही, पण साध्या हेप-जी-टूमध्ये तो बहुधा चूकच.

यकृताच्या सेक्शनवर (पातळ कापावर) एचआरपीने रंगवणार असाल तर ऊतीतली स्वतःची पेरॉक्सिडेज क्रिया आधी मारावी लागते, ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडने १० मिनिटं. काही वेळा सेक्शनवरून बारीक बुडबुडे निघताना दिसतात, तोच गुडघ्यावरचा फेस. यकृतात बायोटिनही खूप, म्हणून तिथे बायोटिन न वापरणारी पॉलिमरवाली डिटेक्शन घ्या.

एक गल्लत हमखास होते. बँड दुप्पट झाला म्हणजे क्रिया दुप्पट झाली असं लिहायचं नाही. उकळून मेलेलं कॅटॅलेजही अँटिबॉडीला दिसतं. क्रिया पाहायची तर ताजं लायसेट घ्या, हायड्रोजन पेरॉक्साइड घाला आणि २४० नॅनोमीटरला शोषण किती वेगाने उतरतं ते मोजा. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की निष्कर्षाला वजन येतं.

लॉट बदलला की

गेल्या वर्षी आमची बाटली संपली, तोच कॅटलॉग नंबर पुन्हा मागवला. पहिल्याच ब्लॉटवर ७० ला नवा बँड, कॅटॅलेजच्या बँडपेक्षा ठसठशीत. औषध दिलेल्या पेशींत तो वाढतही होता. दोन दिवस आम्ही नव्या आयसोफॉर्मची (कॅटॅलेजच्या वेगळ्या रूपाची) स्वप्नं पाहिली. मग फ्रीजर उपसून जुन्या लॉटची एक ट्यूब सापडली, तेच लायसेट तिने पाहिलं, आणि ७० ला काहीच नाही. नव्या सशाची आवड वेगळी होती.

तेव्हापासून जुन्या लॉटच्या शेवटच्या दोन ट्यूब आणि एसआयआरएनए केलेल्या-न केलेल्या लायसेटचे काही नमुने उणे ८० ला एका डब्यात असतात. डब्यावर मार्करने लिहिलंय: ‘नवा लॉट आल्याशिवाय हात लावू नये’. नवी बाटली आली की आधी त्या दोन लायसेटवर जुनी आणि नवी शेजारी शेजारी, मगच प्रयोगाचे नमुने. वहीत आणि पेपरच्या मेथड्समध्ये कंपनी, कॅटलॉग नंबर, लॉट नंबर, डायल्यूशन सगळं लिहितो. डब्याच्या किल्लीसाठी मात्र अजून भांडणं होतात.